हाशिमोटो, कोलेस्टेरॉल आणि हृदय: आधी थायरॉईड जागेवर आणा, मग उरलेलं मोजा

प्रश्न, थोडक्यात: वय ४४, राहणार सुदामा नगर, इंदूर. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतल्या तपासणी शिबिरात टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की चढणारं, मेंदूखालच्या ग्रंथीचं हार्मोन) १४ निघाला, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची अँटीबॉडी) ६०० च्या वर. ‘हाशिमोटो’ (शरीर स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करतं तो आजार) आहे असं सांगून थायरॉक्सिन या थायरॉईड हार्मोनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. आता टीएसएच ६.८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.०, खालचं बीपी ९० च्या आसपास. वजन ९ किलो वाढून ७१ झालंय. सकाळी उठल्यावर गोळी, पंधरा-वीस मिनिटांनी चहा, मग पोह्यांबरोबर कॅल्शियम आणि लोह. सहा महिने गहू बंद आहे, मीठ सैंधव. अँटीबॉडी दर तीन महिन्यांनी तपासते, ती उतरत नाही. वडिलांना ५१ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. अँटीबॉडीमुळे हृदय खराब होतं का? कोलेस्टेरॉलची गोळी घेऊ का? सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांचा टीएसएच ६.२ आलाय, त्यांनाही गोळी सुरू करायची का? मुलगी १६ वर्षांची आहे, तिची तपासणी करावी का?

ताई, तुमचं पत्र वाचताना माझं बोट पोह्यांच्या ओळीवर थांबलं. उत्तर मी तिथूनच सुरू करते.

थायरॉक्सिन ही फार हळवी गोळी आहे. रिकाम्या पोटीसुद्धा ती पूर्ण शोषली जात नाही, आणि पोटात चहा, दूध, कॅल्शियम, लोह यांपैकी काही असलं की आणखी कमी. कॅल्शियम आणि लोह तर तिला आतड्यातच धरून ठेवतात. तुम्ही ५० ची गोळी घेताय असं तुम्हाला वाटतं, पण रक्तात त्याहून बरीच कमी पोचत असणार. डोस वाढवण्याआधी ही गळती थांबवा. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, त्यानंतर अर्धा तास, जमलं तर पूर्ण तास चहासुद्धा नको. कॅल्शियम आणि लोह किमान चार तासांच्या अंतराने, आणि तेही एकमेकांपासून लांब: कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तिनेही शोषण कमी होतं. बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. उष्णता, ओल आणि उजेड, तिन्ही या औषधाला बाधतात.

इंदूरच्या सकाळी चहा तासभर लांबवणं किती जड जातं, ते मी तीस वर्षं इथे प्रॅक्टिस करताना पाहिलंय. घरात चौघांचे डबे, शाळेची बस, सासऱ्यांचा चहा. त्यात बाईच्या गोळीला तास कुठला मिळणार? ज्यांना खरंच जमत नाही त्यांनी रात्री झोपताना घ्यावी, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, ती २०१० साली प्रसिद्ध झाली, रात्रीच्या गोळीने टीएसएच सकाळच्या गोळीपेक्षा थोडा चांगलाच उतरला. पण रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू आणि जिलबी खायची सवय असेल तर हा मार्ग तुमचा नाही. हरतालिकेला किंवा संकष्टीला गोळी चुकवणाऱ्या बायका मला दरवर्षी भेटतात. थायरॉक्सिन शरीरात आठवडाभर रेंगाळतं, त्यामुळे निर्जळ उपासाची एक गोळी बुडाल्याने काही बिघडत नाही. मात्र महिन्यातून सहा-सात वेळा ‘आज उपास आहे’ म्हणून बुडत असेल तर तो सरळ कमी डोस झाला.

वेळ सुधारल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळीच टीएसएच तपासा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर त्याने आकडा चुकतो. तरीही टीएसएच वर राहिला तर डोस वाढवावा लागेल. ज्याची ग्रंथी पूर्ण बंद पडलीय त्याला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे तुमच्या वजनाला सुमारे ११५. तुमची ग्रंथी अजून थोडं काम करत असेल, म्हणून याहून कमीत भागेल असा माझा अंदाज आहे. आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. माझा आग्रह क्रमाचा आहे: आधी वेळ, मग डोस, मग बाकी सगळं.

‘बाकी सगळं’ म्हणजे एलडीएल, बीपी, शुगर, वजन. या चारही आकड्यांत थोडा वाटा थायरॉईडचा आहे आणि थोडा तुमच्या घराण्याचा, वयाचा, जेवणाचा. आज ते मिसळलेले आहेत. टीएसएच तीन महिने व्यवस्थित राहिला की थायरॉईडचा वाटा गळून पडेल. त्यानंतर जे उरेल ते तुमचं स्वतःचं, त्यावर स्वतंत्र उपचार हवेत. मी दोन्ही टोकांची माणसं पाहते. काहीजण सगळ्याचं खापर थायरॉईडवर फोडून वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉलकडे बघत नाहीत. काहींना टीएसएच न तपासताच कोलेस्टेरॉल, बीपी आणि शुगर अशा तीन गोळ्या सुरू झालेल्या असतात.

हृदयाचा थायरॉईडशी संबंध काय, हे नीट समजून घ्या, कारण भीती तिथेच आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात स्नायू आवळतो आणि सैल होतो. सैल होण्यासाठी पेशीतलं कॅल्शियम झटपट परत साठ्यात ओढून घ्यावं लागतं. ते ओढणारा जो पंप आहे तो किती बनवायचा, हे थायरॉईडचं टी३ हे हार्मोन ठरवतं. टी३ कमी पडलं की पंप कमी, आणि हृदय आवळतं ठीक पण सैल व्हायला वेळ घेतं. नाडी मंदावते. दुसरीकडे, टी३ रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल ठेवतं. ते कमी झालं की वाहिन्या आक्रसतात आणि खालचं बीपी चढतं. तुमचं ९० हे काही अंशी यातून आलेलं असू शकतं. तिसरी गोष्ट यकृतातली: रक्तातला एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात आणि त्यांची संख्याही थायरॉईडच्या हुकमावर चालते. थायरॉईड सुस्त तर हे हात कमी, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतो. तुम्ही तूप जास्त खाल्लं म्हणूनच तो वाढला असं नाही.

हे सगळं जुनं ज्ञान आहे. हर्मन झोंडेक या जर्मन डॉक्टरने १९१८ साली थायरॉईड संपलेल्या माणसांचं हृदय वर्णन केलं: मोठं, मंद, ईसीजीवर बारीक रेघा. थायरॉईडचा अर्क दिल्यावर तेच हृदय पुन्हा आकारात आलं, हेही त्याने दाखवलं. मी इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात निवासी डॉक्टर होते तेव्हा देवासकडचे एक आजोबा हृदय निकामी झालं म्हणून दाखल झाले होते. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, नाडी ४८. सोनोग्राफीत हृदयाभोवती पाणी. आमच्या वरिष्ठांनी त्यांच्या घोट्यावर हातोडी मारली आणि आम्हाला म्हणाले, ‘बघा, पाय परत यायला किती वेळ घेतोय.’ टीएसएच १०० च्या वर निघाला. पाव गोळीने सुरुवात केली. पाच महिन्यांनी ते चालत ओपीडीत आले, हृदयाभोवतीचं पाणी गेलेलं. थायरॉईडमुळे बिघडलेलं हृदय बहुतेकदा असं परत येतं. डॉक्टर म्हणून मला इतकं समाधान फार कमी आजारांनी दिलं आहे.

पण तुमचा टीएसएच ६.८ आहे, १०० नाही. इतक्या सौम्य बिघाडाने हृदयाला धोका किती? २०१० साली ११ अभ्यासांतल्या ५५ हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून हाच प्रश्न विचारला गेला. टीएसएच ४.५ ते ६.९ या पट्ट्यात हृदयविकाराचा धोका सामान्यांइतकाच दिसला. ७ ते १० मध्ये किंचित वर, पण ठामपणे सांगण्यासारखा नाही. १० च्या वर मात्र तो जवळजवळ १.९ पट. दोन वर्षांपूर्वीचा तुमचा १४ हा आकडा म्हणून महत्त्वाचा होता, आणि गोळी सुरू झाली हे योग्यच झालं. आजचा ६.८ घाबरण्यासारखा नाही, सुधारण्यासारखा आहे.

आता अँटीबॉडी. हाकारू हाशिमोटो हा जपानी शल्यविशारद. १९१२ साली त्याने चार बायकांच्या काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी दिसल्याचं जर्मन नियतकालिकात लिहिलं. (पुढे तो आपल्या गावी जाऊन साधी प्रॅक्टिस करत राहिला आणि १९३४ साली टायफॉईडने गेला. आपल्या नावाचा आजार जगभर होईल हे त्याला कळलंही नसेल, याचं मला नेहमी वाईट वाटतं.) आपल्याच ग्रंथीविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात हे लंडनच्या डॉक्टरांनी १९५६ साली दाखवलं. पण ग्रंथीचं खरं नुकसान मुख्यतः त्या पांढऱ्या पेशी करतात. अँटी-टीपीओ ही त्या भांडणाची साक्षीदार आहे. साक्षीदार किती मोठ्याने बोलतोय त्यावरून घर किती जळलं ते कळत नाही. ६०० चे ४०० झाले म्हणून ग्रंथी सुधारत नाही आणि ९०० झाले म्हणून बिघडत नाही.

हृदयाचं म्हणाल तर २०१४ साली सहा अभ्यासांची माहिती जोडून नेमका तुमचा प्रश्न तपासला गेला: सौम्य थायरॉईड बिघाडात अँटीबॉडी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो का? नाही झाला. धोका टीएसएचबरोबर चालतो, अँटीबॉडीबरोबर नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर अँटीबॉडीचा परिणाम होतो असं सांगणारे छोटे अभ्यास आहेत, पण त्यांवर मी कुणाची झोप उडवणार नाही.

मग ही तपासणी करायची कशाला? एकदाच, कारण कळण्यासाठी आणि पुढचं सांगण्यासाठी. इंग्लंडच्या व्हिकम गावच्या लोकांना वीस वर्षं पाहिलं गेलं. ज्या बायकांना फक्त अँटीबॉडी होत्या त्यांतल्या दरवर्षी शेकडा दोन थायरॉईड कमी होण्याकडे गेल्या. अँटीबॉडीही आणि टीएसएचही वर असलेल्यांत हे प्रमाण शेकडा ४.३ होतं. तुम्हाला गोळी सुरू झालेलीच आहे, त्यामुळे यापुढे अँटीबॉडीवर एक रुपयाही खर्च करू नका. तो पैसा एका वेगळ्या तपासणीसाठी ठेवा, ती खाली सांगते.

कोलेस्टेरॉलची गोळी. माझं मत: आज नको, तीन महिन्यांनी ठरवा. तोवर टीएसएच जागेवर येईल. दोन कारणं आहेत. एक, थायरॉईड कमी असताना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, घेतलं तर स्नायू दुखण्याची शक्यता वाढते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षिकेला मी टीएसएच न बघता स्टॅटिन दिलं होतं. महिन्याभरात तिला जिना चढवेना. मी गोळी बदलली, डोस कमी केला, आणि शेवटी टीएसएच केला तेव्हा तो ६० होता. चूक माझी होती. तेव्हापासून टीएसएच बघितल्याशिवाय मी कुणालाही पहिलं स्टॅटिन लिहिलेलं नाही. दुसरं, एलडीएल किती उतरतो ते बघायला मिळेल. मात्र फार आशा ठेवू नका. टीएसएच ५०-१०० असेल तर एलडीएल धडाधड उतरतो. तुमच्या पट्ट्यात तो सरासरी दहाच्या आसपासच कमी होतो. १६८ चे १५५ झाले, तरी वडिलांचा ५१ व्या वर्षीचा अटॅक तिथेच आहे.

आणि तो मला तुमच्या अँटीबॉडीपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचा वाटतो. इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचा पहिला अटॅक मध्यमान ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत सुमारे ५९ व्या. आपण लवकर आजारी पडणारी माणसं आहोत, आणि तुमच्या घरात तर वडील ५१ ला. म्हणून वाचवलेल्या पैशातून लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला चरबीचा कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. ते वंशाने येतं, आहाराने फारसं बदलत नाही, आणि ते वाढलेलं असेल तर एलडीएलबद्दल कडक व्हायला हवं. तीन महिन्यांनंतर एलडीएल १३० च्या वर असेल, तर तुमच्या घरचा इतिहास बघता मी गोळीच्या बाजूने बोलेन, आणि तुम्ही ‘थायरॉईडमुळे आहे, जाईल’ म्हणून ती टाळू नये. ज्यांना आधीच अटॅक आलाय किंवा स्टेंट आहे त्यांच्यासाठी हे थांबणं नाही, त्यांचं स्टॅटिन चालूच राहतं.

वजन. ९ किलोंतले थायरॉईडचे किती? थायरॉईड कमी झाल्याने साधारण दोन ते पाच किलो वाढतात आणि त्यांत बरंचसं पाणी आणि मीठ असतं, चरबी थोडी. गोळी नीट लागू पडली की सूज उतरेल, चेहरा हलका वाटेल, काट्यावर दोन-तीन किलो दिसतील. उरलेले किलो चाळिशीचे आहेत, बसून काम करण्याचे आहेत, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळच्या शेव-मिक्स्चरचे आहेत. शेवेचा डबा घरात नाही असं मराठी घर इंदुरात शोधून सापडायचं नाही. मी तो फेकायला सांगत नाही, वाटीऐवजी चमचा लावा. रोज पाऊण तास भरभर चाला. जेवणानंतर वीस मिनिटं चाललात तर शुगरलाही त्याचा फायदा आहे.

शुगरबद्दल एक बारीक गोष्ट, कारण तुमचा ६.० हा आकडा थोडा फसवा असू शकतो. थायरॉईड कमी असताना तांबड्या पेशी हळू बनतात, जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि जुन्या पेशींवर साखर जास्त चिकटलेली असते. लोहाच्या कमतरतेनेही असंच होतं, आणि तुम्ही लोह घेताय. म्हणून फक्त एचबीए१सीवर ‘प्री-डायबेटिस’चा शिक्का मारून घेऊ नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर बघा, आणि तीन महिन्यांनी तिन्ही एकत्र. मात्र थायरॉईड कमी असताना इन्सुलिन नीट काम करत नाही हेही खरं आहे, त्यामुळे साखर थोडी खरीखुरी वाढलेलीही असू शकते. म्हणून परत मोजायचं.

वजनासाठी डोस ‘जरा वाढवून’ घेऊ नका, हे मला हात जोडून सांगायचंय. राजेंद्र नगरातल्या एका मावशींनी भाचीचं बघून स्वतःची गोळी १०० ची १५० केली होती. दोन किलो उतरले, त्या खूश. वर्षाने रात्री छातीत धडधड सुरू झाली आणि थांबेना. टीएसएच ०.०४. ईसीजीत ठोके पूर्ण अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. अशा ठोक्यांत हृदयात गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात, तो १९९४ साली छापला गेला, साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होता त्यांना दहा वर्षांत हा त्रास तिप्पट झाला. हाडंही ठिसूळ होतात. ही गोळी वजन कमी करण्यासाठी नाहीच. थायरॉईड जास्त झालं तरी हृदयच भोगतं. ग्रेव्हज या दुसऱ्या ऑटोइम्युन आजारात (ऑटोइम्युन म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो) हेच आपोआप घडतं: वजन झडतं, हात थरथरतात, डोळे बाहेर येतात. त्याचा उपचार वेगळा, त्यात आज शिरत नाही. एवढंच, त्यातली कार्बिमॅझोल ही थायरॉईड कमी करणारी गोळी चालू असलेल्या कुणालाही घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्यात.

हृदयाचे ठोके ताब्यात ठेवायला कुणाला अमियोडॅरोन चालू असेल, तर त्या गोळीत भरपूर आयोडिन असतं. ती थायरॉईड दोन्ही दिशांना बिघडवू शकते. दर सहा महिन्यांनी टीएसएच हवा. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत फार वेळा राहून जातं.

आता सासूबाई. ७४ व्या वर्षी ६.२. वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतोच, म्हणून त्यांच्यासाठी लॅबच्या कागदावरची ४.५ ची रेघ जरा तोकडी आहे. आधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, कित्येकदा तो आपोआप खाली येतो. तेवढाच राहिला, तरी मी गोळी सुरू करणार नाही. २०१७ साली युरोपात ६५ च्या वरच्या ७३७ लोकांवर झालेल्या चाचणीत त्यांचा सरासरी टीएसएच ६.४ होता, म्हणजे जवळजवळ तुमच्या सासूबाईंचाच. अर्ध्यांना थायरॉक्सिन दिलं, अर्ध्यांना बिनऔषधी गोळी. वर्षभरात टीएसएच उतरला, पण थकवा आणि इतर तक्रारींत काहीच फरक पडला नाही. सासूबाईंचा थकवा असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, झोप आणि ऐकायला कुणी आहे का, हे आधी बघा. १० च्या वर गेला तर गोष्ट वेगळी. तेव्हाही सुरुवात १२.५ किंवा २५ ने, चार-सहा आठवड्यांनी एकेक पायरी. थायरॉक्सिनने हृदयाला काम वाढतं. आतून ब्लॉकेज असलेल्या म्हाताऱ्या हृदयाला एकदम १०० दिलं, तर छातीत दुखायला लागू शकतं. चढावर छातीत दाटतं का, हा प्रश्न गोळी लिहिण्याआधी विचारायचा असतो.

गव्हाचं. शरबती गव्हाच्या मुलखात राहून सहा महिने पोळी आणि बाफला सोडला, यामागची तुमची चिकाटी मला दिसते. पण ती वाया गेली असण्याची शक्यता जास्त आहे. गहू सोडल्याने हाशिमोटो बरा होतो याला पुरावा नाही. सेलिअ‍ॅक हा गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार मात्र हाशिमोटोच्या लोकांत सामान्यांपेक्षा जास्त असतो, आणि तो असेल तर गहू आयुष्यभर सोडावाच लागतो. लोह भरून न येणं, गोळीचा डोस वाढवत राहावं लागणं, पोट फुगणं हे त्याचे इशारे. तुमचं लोह चालूच आहे म्हणून ही तपासणी करायला हवी. अडचण अशी की त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरी येते. तेव्हा डॉक्टरांशी बोलून सहा-आठ आठवडे रोज पोळी खा आणि मग टीटीजी तपासा. नसेल, तर निवांत पोळी खा. पत्ताकोबी आणि फ्लॉवर शिजवून खाल्ले तर त्यांचीही भीती नको. बी-१२ सुद्धा एकदा बघा. हाशिमोटोबरोबर पोटाच्या अस्तराचा ऑटोइम्युन आजार येऊ शकतो, आणि शाकाहारी घरात बी-१२ तसंही कमी असतं.

मीठ आयोडिनयुक्तच वापरा. सैंधव उपासाच्या दिवसापुरतं ठेवा. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडिन घालून गलगंड कसा कमी होतो ते दाखवलं. आपल्या देशाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ ला त्यानंतर सुरू झाला. आयोडिन फार झालं तर ऑटोइम्युन थायरॉईडला खतपाणी मिळतं हे खरं आहे, पण ते समुद्री शैवालाच्या कॅप्सूल आणि टॉनिकांबद्दल. घरच्या मिठाबद्दल नाही. तुमच्या घरात सोळा वर्षांची मुलगी आहे, उद्या तिला मूल होईल. बाळाच्या मेंदूला आयोडिन लागतं.

तिच्याबद्दल शेवटी विचारलंत. आईला हाशिमोटो असेल तर मुलीला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होणारच असं नाही. तिची उंची वयाला धरून वाढली का, पाळी नियमित आहे का, गळ्याशी फुगवटा दिसतो का, अभ्यासात अलीकडे एकदम मागे पडली का, बद्धकोष्ठ किंवा थंडी सहन न होणं आहे का, हे बघा. यांतलं काही असेल तर साधा टीएसएच करा. नसेल तर आत्ता काहीच नको, आणि अँटीबॉडी तर मुळीच नको. तिला एवढंच सांगून ठेवा की पुढे गरोदर राहायचं ठरवलं की आधी टीएसएच करायचा, आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात फार थकवा किंवा धडधड झाली तरी करायचा.